सरांनी धाडलेले मामा

आधीच स्पष्ट सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींशी माझं जन्मात जमलेलं नाही. कोल्हापुरात गणित शिकवतो. 'पोराला बाहेरचं झालंय' म्हणत येणाऱ्या पालकांना मी आधी चहा पाजतो आणि मग डॉक्टरकडं हाकलतो. त्यामुळं खालचं वाचून मला कुणी देवभोळा ठरवू नये.

शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी एका हेल्पलाइनवर बसतो. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर खोली, दोन फोन, एक कुरकुरणारा पंखा. शाळा, क्लास, दवाखाने बंद झाल्यावर जीव नकोसा झालेल्या पोरांनी बोलायचं कुणाशी? आमच्याशी. त्यांचा नंबर आम्हाला दिसत नाही, पत्ता आम्ही विचारत नाही. एक नियम मात्र पक्का — पोर धोक्यात असेल तर घरातलं मोठं माणूस फोनवर आल्याशिवाय ठेवायचा नाही, आणि त्या माणसाचं नाव-नातं विचारायचं.

मागच्या थंडीत दिवेलागणीला एका पोराचा फोन आला. अकरावीतला. वर्गातल्या टोळक्यानं त्याची टर उडवणारा व्हिडिओ ग्रुपवर टाकलेला. आईबाप गडहिंग्लजला लग्नाला गेलेले, घरात हा एकटा... आणि हाताशी एक वस्तू घेऊन बसलेला. कोणती ते इथं लिहिणार नाही.

मी असल्या वेळी डगमगत नाही. "ती वस्तू लांब ठेव. जेवलास काय?" म्हणून सुरुवात केली.

"न्हाय जात जेवण, सर. उद्या कुठल्या तोंडानं जाऊ कॉलेजात?"

बराच वेळ बोलत राहिलो. वस्तू काही तो सोडेना. शेजारी कुणाला हाक मार म्हटलं तर ऐकेना. तेवढ्यात पलीकडं कडी वाजली. "कोणतरी आलंय," म्हणत त्यानं फोन खाली ठेवला. दार उघडल्याचा आवाज, काहीतरी पुटपुट... मग ते पोर धाय मोकलून रडायला लागलं. फोन एका म्हाताऱ्यासारख्या माणसानं उचलला. खणखणीत आवाज!

"पावणं, ठेवा आता. मी हाय की हितं."

"त्याच्याजवळ एक वस्तू आहे—"

"घेतली काढून. आता न्हाय गावायची त्येला. पोराला जेवू घातल्याबिगर हलत न्हाय मी."

मी फोन ठेवला. नाव नाही, नातं नाही, काही विचारलं नाही. आमच्याकडं असल्या आवाजात कुणी 'मी हाय की' म्हटलं, तर तुम्ही कोण असं विचारवत नाही हो! सोबतच्या देसाईबाईंनी मला फैलावर घेतलं. रास्तच होतं ते. पण खरं सांगतो, त्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

पुढच्या पाळीला त्याच पोराचा फोन. आवाज मोकळा. घरी सगळं सांगितलं होतं त्यानं. आई त्या दिवसापासून त्याला चिकटूनच होती.

"सर, त्यास्नी माझं थँक्यू सांगा की."

"कुणाला?"

"तुमी पाठवलेल्या मामांना! दार उघडलं तर म्हणालं, सरांनी धाडलंय. आईबाबा येस्तवर मला झोप लागली, मग कवा गेलं कळलंच न्हाय."

 मी त्या म्हाताऱ्याला पोराच्या घरचा माणूस समजलो होतो, आणि पोर समजलं मी धाडलेला! आम्ही कुणाला घरी धाडत नाही. धाडणार कुठं? पत्ताच नव्हता.

मी खोदून विचारलं, तेव्हा पोराकडून कळलं — त्याच्या समोरच्या घरातल्या काकी त्या संध्याकाळी दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी कुणाला येताना-जाताना पाहिलं नाही. पोराचा भास म्हणावा, तर आवाज मी स्वतः ऐकलाय. मोरीत खरकटी ताटं मात्र दोन होती, आणि ती वस्तू आजतागायत घरात सापडलेली नाही.

सगळ्या शक्यता मांडून झाल्या, उत्तर येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा, मी ऐकून घेईन... पटेलच असं नाही.

फोन ठेवण्याआधी पोरानं हळूच विचारलं होतं, "सर, परत कवा तसं वाटलं तर येतील न्हवं मामा?"

जे मला माहीत नाही, त्याला मी हो म्हणत नाही.

"पत्ता सांग," मी म्हणालो. "मी येतो."