जयश्रीला मी रडू दिलं नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळही नाही, आणि आता तर तेही राहिले नाहीत. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात मला सगळे गीताअक्का म्हणतात. माझं खरं नाव निराळं आहे, पण ते आता रेशनकार्डापुरतंच उरलंय. शाळेतली नोकरी संपल्यावर मी राममंदिरात रविवारचा वर्ग सुरू केला. गावातल्या तरण्या पोरापोरींना गीता शिकवायची. नुसत्या घोकंपट्टीचा मला तिटकारा. घोकायला काय, पोपटही घोकतो. म्हणून मी दर रविवारी विचारायची, “या आठवड्यात काय जगलात ते सांगा.” एकजण म्हणाला, “आईनं वरणात मीठ टाकलं नाही, तरी मी चिडलो नाही.” मी म्हटलं, “बाबा रे, इतकी वर्षं तुला खाऊ घालूनही ती चिडली नाही, तिला आधी नमस्कार कर.” सगळे हसले. माझं तोंड तसं तिखटच. आणि त्याचं मला कौतुकही होतं — खोटं कशाला बोलू?

एका गोष्टीवर मात्र मी फार घसरायची. आमच्याकडे कुणी गेलं की बायका ‘दारावर’ जातात, म्हणजे भेटायला. गल्लीच्या तोंडापर्यंत सुनेच्या कागाळ्या सांगत यायचं, आणि घर दिसलं की पदर तोंडाला लावून हंबरडा फोडायचा. घरातल्या लेकीनं येईल त्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडायचं. मी वर्गात याची नक्कल करून दाखवायची. म्हणायची, हे दाखवायचं रडं. आत्मा मरत नाही हे ज्याला कळलं, तो कशाला रडेल?

जयश्री माझी सगळ्यात लाडकी. बारावीला होती. हसरी, आणि तितकीच रडूबाई. घरची शेळी विकली तेव्हा वर्गात बसून रडली होती. मी तिला ‘आमचा नळ’ म्हणायची.

तिचे आबा कपाशीला पाणी द्यायला गेले आणि मोटारीचा शॉक लागून गेले. तिथल्या तिथे.

मी गेले तेव्हा दारात बायकांची गर्दी होती. मला पाहिल्याबरोबर जयश्री धावत आली. माझ्या गळ्यात पडायलाच आली होती पोर. आणि मी — मी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि तिला लांबच ठेवलं. हळूच म्हणाले, “इतके दिवस काय शिकलीस? आज दाखव.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अक्का, माले रडू यी ऱ्हायनं. रडू का?”

सोळा-सतरा वर्षांची पोर, बाप घरात आडवा पडलेला, आणि ती मला परवानगी मागत होती! मी म्हटलं, “नाही.”

तिनं ओठ दातांत धरला आणि ती थांबली. खरंच थांबली. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. आजही हे लिहिताना माझाच मला धक्का बसतो. मयताच्या दारात उभी राहून मला आनंद झाला, की आपलं शिकवणं लागू पडलं. शिवाय धुळ्याच्या एका मंडळात माझं व्याख्यान ठरलं होतं. तरुणांनी गीता कशी जगावी, यावर. मला एक उदाहरण हवंच होतं. ते त्या दारातच माझ्या मनात आलं — नंतर नाही, तिथेच.

बायका येत गेल्या, तिला कवटाळत गेल्या, आणि ती खांबासारखी उभी. कुणीतरी बोललंच, “बाप गया, नि पोरना डोयाले पानी नही!” शेवटी तिच्या आईनं सगळ्यांसमोर तिच्या तोंडात मारली. “तो तुन्हा बाप नव्हता का व?”

मी हातभर अंतरावर बसले होते. ‘तिला मारू नका, मीच तिला रडू नको म्हणाले’ — इतकंच तर बोलायचं होतं. जयश्रीनं एकदा माझ्याकडे पाहिलंही. मी मान खाली घातली. इतक्या बायका आपल्यालाच बोलतील, याची मला भीती वाटली. दुसरं काही नाही.

धुळ्यात मी ती गोष्ट सांगितली. वर पदरचं घातलं, की जयश्रीच आईला म्हणाली, ‘आई, कोण मेलंय?’ ती असं काही बोललीच नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे प्रत्येक व्याख्यानात मी ते सांगत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात आमचे हे गेले. मी कशी रडले, विचारू नका. बहिणीच्या गळ्यात पडून, ओरडून, डोकं भिंतीवर आपटून. ज्या रडण्याची मी नक्कल करायची ना, अगदी तसंच. आणि खरं सांगते, त्यात दाखवायचं काहीच नव्हतं. गळ्यात पडायला माणूस लागतो, एवढंच असतं ते.

तेवढ्यात बाहेर जयश्रीचा आवाज आला. शिरपूरला दिलीये तिला. मी झटकन उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदर नीट केला आणि कोरड्या डोळ्यांनी बाहेर येऊन बसले.

तिच्याबरोबर तिची लेक होती, चारेक वर्षांची. ती पोर उंबऱ्याला अडखळली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं. मी उठणार, तोच पाहिलं — पोरीनं आधी आईकडे बघितलं. जयश्रीनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. पोरीनं आवंढा गिळला आणि गप उभी राहिली. डोळ्यांत टिपूस नाही.

जयश्री हसली. केवढ्या अभिमानानं म्हणाली, “तुम्हीच शिकाडेल शे, अक्का. आमना घरमा आते कोनीच रडत नही.”

त्याच वेळी बोलायला हवं होतं. माझे डोळे लाल होते, आतल्या भिंतीवर मी डोकं आपटलं होतं, आणि सगळं सांगायला ती समोरच बसली होती.

मी म्हटलं, “छान.” आणि त्या पोरीच्या ओठाला हळद लावली. ती तेव्हाही रडली नाही.