गोठलेल्या कालव्यावर माय

थोरला भाऊ बंधाऱ्यांचं काम शिकायला हॉलंडला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. पन्नासच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी मायला घेऊन बोटीनं त्याच्याकडे गेलो. माय सिरोंच्याची. गोदावरीत जाळं टाकण्यातच तिचं आयुष्य गेलेलं.

एका सकाळी भावानं आम्हांला घरामागच्या कालव्यावर नेलं. पाणी गोठून दगडासारखं झालं होतं आणि अख्खं गाव बुटांना लोखंडी पाती बांधून त्यावरून घसरत होतं. म्हातारे नवराबायकोही हात धरून सरसर चालले होते. नवशिकी माणसं लाकडी खुर्ची पुढे ढकलत तोल सांभाळत होती.

माय काठावर बसली आणि तिनं बर्फावर तळहात टेकवला.

"मासे कुठी गेले असतीन रे?" तिनं भावाला विचारलं.

"खालीच हायेत, माय. खाली पाणीच हाये."

शेजारच्या डच बाईंनी आपली खुर्ची मायपुढे आणली आणि बसायची खूण केली. माय लुगडं सावरून बसली. बाईंनी खुर्ची ढकलली, तशी माय पाण्यावरून दूर दूर जात लहानशी दिसू लागली. मी काठावरून पाहत राहिलो.

परतली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"तिले विचार," ती भावाला म्हणाली, "अजून एकडाव नेते काय मले."