मागची बोट

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि माझे रविवार एकदम रिकामे झाले. तेव्हा मी एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. नवघरहून रिक्षा, मग बस करून उत्तनच्या किनाऱ्यावर जायचं आणि बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचे, जाळ्यांचे, माणसांचे फोटो काढायचे.

नवी लेन्स आली आणि मी बिघडलेच. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं उजेड घेणारं भोक. त्याचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं उघडतं, आणि मग जिथे फोकस केलाय तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं विरघळतं. माझ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर १.८ पर्यंत उघडायचं. मी काहीही त्यावरच काढायचे. ग्रुपवर सगळे म्हणायचे, ‘काय प्रोफेशनल दिसतंय!’ मला ते आवडायचं.

अशाच एका सकाळी किनाऱ्यावर एका कोळणीने मला हटकलं. साठीच्या पुढची असेल.

“बाय, माझा फोटू काढशील? मागं बोट येऊ दे. आमची हाय.”

मागे निळीशार बोट उभी होती. तिच्या नवऱ्याला लकवा मारलेला, घरात पडून होता. मुलगा आखातात नोकरीला. बोट विकली होती आणि दुसऱ्या दिवशी वसईचा माणूस ती न्यायला येणार होता.

“नवऱ्याला इथवर आणता येत न्हाय. मोबाइलवर दाखवलं तर त्याला कायपण दिसत न्हाय. मोठा कागदावर दे.”

मी तिच्या अगदी जवळ गेले. उन्हात तिचा चेहरा, कपाळावरच्या रेषा, नाकातली मोरणी, सगळं इतकं देखणं दिसत होतं की मी भराभर फोटो काढत सुटले.

“बोट आली ना?” तिने विचारलं.

“आली की,” मी म्हटलं. फ्रेममध्ये होती म्हणून म्हटलं.

पुढच्या रविवारी मोठी प्रिंट घेऊन मी तिच्या घरी गेले. नवरा खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याने चालत्या हाताने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग बायकोकडे बघितलं.

“ही तू हायस,” तो जड जिभेने म्हणाला. “बोट कुठं हाय?”

तिने फोटोतल्या मागच्या निळ्या ढगावर बोट ठेवलं. “ही काय.”

त्याने फोटो खाली ठेवला. ती मला चहा टाकते म्हणाली. मी मात्र तोंडातल्या तोंडात “सॉरी, सॉरी” करत राहिले. घरी येऊन कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. एकातही बोट नव्हती. तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं काय हवंय ते, आणि मी तेच पुसून टाकलं होतं.

तिच्याकडून वसईच्या माणसाचा नंबर घेतला. शनिवारी अर्धी रजा टाकली आणि भाईंदरच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे वसईला गेले. बोट किनाऱ्यावर आडवी ओढून ठेवली होती. रंग खरवडायचं काम चालू होतं. पुढचा भाग पांढराफटक झालेला, मागे अजून निळा. या वेळी मी अ‍ॅपर्चर ११ वर नेलं. भोक बारीक, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ. लांब उभी राहून, श्वास रोखून काढला.

तो फोटो उत्तनला नेऊन तिच्या नवऱ्याच्या हातात दिला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय आणलंय ते. फळीन्‌फळी दिसत होती. खाली वाळूत पडलेले निळे पापुद्रे दिसत होते. बोटीचं नाव खरवडलेलं होतं, आणि त्याची अर्धवट उरलेली अक्षरंही वाचता येत होती.

त्याने अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“नाव काढून टाकलं,” तो म्हणाला.

“रंग देतायत ना नवीन,” मी कसंबसं म्हटलं. “चुकलं माझं, बाबा. तेव्हाच नीट काढायला हवा होता.”

त्याने फोटो मांडीवर ठेवला. मग बायकोला त्याने काहीतरी सांगितलं, ते मला समजलं नाही. ती माझ्याकडे वळली.

“त्या वसईच्या मानसाला फोन लाव, म्हनतो.”

मी लावला, स्पीकरवर टाकला आणि मोबाइल त्याच्या तोंडाजवळ धरला. पलीकडून “हॅलो, कोण?” आलं. तो एकेक शब्द जुळवत बोलू लागला, अडकला की बायको पुढे सांगायची. बोट भरली की डाव्या अंगाला ओढते, सुकाणू थोडं धरून ठेवायला लागतं. मागच्या फळीचा सांधा दरवर्षी बघायला लागतो. पलीकडचा माणूस “हां बाबा, हां” म्हणत होता.

माझा हात भरून आला होता, पण मी तो हलवला नाही. फोटो त्याच्या मांडीवर पडला होता आणि मी त्या फोटोकडे बघायचं टाळत होते.

“आनि इंजिन...” तो म्हणाला, आणि दम घ्यायला थांबला.

“सांगा बाबा,” पलीकडून आवाज आला, “मी ऐकतोय.”