चाळीसजणींचं पन्हं

पनवेलच्या आमच्या चाळीत मानववंशशास्त्र शिकणारा मी एकटाच होतो, आणि त्याचा त्रास सगळ्यांना होत होता.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. दिवसा मी बँकेत कारकून आणि संध्याकाळी एम.ए.चा बहिःस्थ विद्यार्थी. कुठलीही वस्तू मुळात शुद्ध किंवा विटाळलेली नसते, ते माणसं ठरवतात, हे नुकतंच वाचलं होतं. तेव्हापासून आई सोवळ्यात दिसली की मी तिला ते समजावायला जात असे. ती म्हणायची, "लांबून समजाव."

त्या चैत्रात आईने हळदीकुंकू ठरवलं. चाळीस बायका, म्हणजे दोन बादल्या पन्हं, आणि एवढं पातेलं घरात नाही. मी शेजारच्या हमीदाखालांकडून आणलं.

"कुणाचं रे?" आईने विचारलं.

"बँकेतल्या एकाचं," मी म्हणालो. (आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे आणि खालांच्या पातेल्यात मटण शिजे. शास्त्राच्या दृष्टीने फरक शून्य. आईच्या दृष्टीचा मी विचार केला नव्हता.)

हळदीकुंकू झकास झालं. काही बायकांनी पन्हं तीनतीनदा मागून घेतलं. सगळ्या गेल्यावर मी पातेलं मागच्या ओट्यावर ठेवलं आणि पुसायला फडकं घेऊन आलो, तर चाळीतला काळा कुत्रा, डांबर, त्यात मानेपर्यंत गेलेला.

गुपचूप घासून परत देता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी खालांकडे नियाज होती, पन्नास पाहुणे त्याच पातेल्यातलं जेवणार होते. खरं सांगायचंच, असं मी ठरवलं. तेही शास्त्रशुद्ध पद्धतीने.

"खाला, पातेलं कुत्र्याने चाटलंय," मी त्यांना ओट्यावर बोलावून म्हणालो. "पण नीट विचार केला तर..."

"विचार मागाहून कर," खाला म्हणाल्या. "सात वेळा धुवायला लागंल. त्यात एक वेळ मातीने. त्याबिगर पाक व्हायचं नाय."

नेमकी आई मागच्या दारात उभी होती. "हमीदा, पातेलं तुझं आहे?"

"माझंच, वहिनी. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

"ह्यात मटण करतेस?"

"करते की."

आई उंबऱ्यावरच बसली. चाळीस चेहरे तिच्या डोळ्यांपुढून जात असावेत. ही वेळ ज्ञान देण्याची आहे असं मला वाटलं.

"आई, काही बेटांवर राजाचं उष्टं खाल्लं तर माणूस मरतो असं मानतात. म्हणजे बघ..."

"इथे बेट नाही," आई उठत म्हणाली. "इथे नळ साडेसातला जातो."

सात वाजून गेले होते. खालांनी परसातली माती आणली, आईने चुलीतली राख आणि चिंच. दोघी पदर खोचून पातेल्याच्या दोन बाजूंना बसल्या. मी पुढे झालो तशी दोघी एकदमच म्हणाल्या, "तू हात लावू नकोस."

"का?"

"तू त्या कुत्र्याला कुरवाळतोस," खाला म्हणाल्या.

"आणि खोटं बोलतोस," आई म्हणाली.

मी बादल्या भरून लांब ठेवत राहिलो. पाचव्या वेळी मोजण्यावरून वाद झाला. खाला पाच म्हणत होत्या, आई चार. शेवटी आईने ते एकदा जास्तीचं धुतलं. "राहू दे. उद्या तुझे पाहुणे जेवणार, शंका नको." नळ गेला तेव्हा पातेलं असं लखलखत होतं, की खालांना ते आपलंच आहे का अशी शंका आली.

आत आल्यावर आईने दार लावलं. "त्या चाळीसजणींना यातलं काही कळता कामा नये. शपथ घे."

मी घेतली. दोन महिन्यांनी परीक्षेत प्रश्न आला : 'शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पना स्वतःच्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.' वीस गुण. सबंध विद्यापीठात ह्या प्रश्नाला माझ्याइतका लायक विद्यार्थी नसेल. मी तो सोडून दिला. पेपर तपासणाऱ्या बाई पनवेलच्या निघाल्या, आणि पन्हं प्यायलेल्या निघाल्या, तर काय घ्या.