डेल्मर सही करत नाही

डेल्मर वॉशबर्नइतका शहाणा कैदी आमच्या नेब्रास्कातल्या तुरुंगाने दुसरा पाहिला नाही आणि देव करो, पाहूही नये. आत आला चोरीचे ट्रॅक्टर विकल्याबद्दल. इथे कुणाच्या तरी नादी लागून कायदा शिकला, तो असा: कागदोपत्री जो ‘डेल्मर वॉशबर्न’ आहे ती सरकारने काढलेली कंपनी. आपण वेगळे, हाडामांसाचे. वर त्या नावाची मालकी आपलीच. न विचारता कुणी ते घेतलं, तर पाच लाख डॉलर दंड!

आम्ही पहारेकरी पोट धरून हसलो. मग पठ्ठ्याने दंड थकला म्हणून टपालाने आमच्या मालमत्तेवर बोजे चढवायला सुरुवात केली. नाव घेतलं म्हणून माझ्या पिकअपवर. पातळ रश्शाबद्दल आचारीणबाईंच्या घरावर. वॉर्डन लिंडक्विस्ट साहेबांच्या मासेमारीच्या बोटीवर तर दोनदा. सरकारी दफ्तरात असे दावे काही न विचारता नोंदवून घेतात. साहेब बोट विकायला गेले, तर बोजा बघून गिऱ्हाईकच पळालं. त्यानंतर हजेरीच्या वेळी मी डेल्मरला नुसता हनुवटीने खुणावायचो. काय करणार, पिकअप माझी एकच होती.

शेवटी नियम आला: कर्मचाऱ्यांवर खोटा बोजा चढवणाऱ्याच्या भेटी बंद. साहेबांनी डेल्मरला बजावलं, “बोजे मागे घेतल्याच्या कागदावर रविवारपर्यंत सही कर. नाहीतर आईला विसर.”

त्याला भेटायला आईशिवाय कुत्रंही येत नव्हतं. तरी गडी म्हणतो, “सही केली की मीच ती कंपनी ठरलो. जमणार नाही.”

रविवारी आर्डिथबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, बसने अर्धं राज्य ओलांडून. भेटीच्या खोलीतल्या मशीनमधून चीजबर्गर काढला, गरम केला आणि टेबलाशी बसल्या. डेल्मरला मी दारात थांबवलं. साहेब कागद आणि पेन घेऊन उभेच होते.

“अरे, सही कर ना. बर्गर गार होतोय,” आर्डिथबाई तिथूनच ओरडल्या.

“आई, तुला नाही कळायचं. या कागदावरचा डेल्मर म्हणजे मी नाही.”

“मग माझा डेल्मर कुठंय?”

“तसं नाही गं...”

“नाही ना तू? मग हो बाजूला. मी पोराला भेटायला आलेय, तुझ्यासारख्या परक्याला नाही.” आणि त्यांनी बर्गरचा मोठा घास घेतला.

डेल्मरचा चेहरा उतरला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाईंनी शांतपणे दोन घास आणखी खाल्ले, तोंड पुसलं आणि पर्स काखोटीला मारून उठल्या.

“आई, थांब! मीच आहे गं.”

“मी म्हणजे कोण?”

“डेल्मर,” तो पुटपुटला.

“मोठ्याने बोल. कमी ऐकू येतं मला.”

“डेल्मर वॉशबर्न! तुझा डेल्मर!”

सगळी खोली वळून बघायला लागली. त्याने सही केली. शाई वाळायच्या आत साहेबांनी कागद ओढला.

आर्डिथबाई पुन्हा खाली बसल्या. “किती वाळलायस रे,” म्हणाल्या आणि उरलेला बर्गर त्याच्यापुढे सरकवला. डेल्मर रडत रडत खात होता. त्याची जन्मभर थट्टा करायची असं मी ठरवून आलो होतो, पण संध्याकाळच्या हजेरीला मी फक्त त्याचं नाव घेतलं, पूर्ण आणि मोठ्याने.