इरईचा रंग जुळवताना

"हनुवटी जरा वर. हं. आता हलू नकोस."

मी हलले नाही. मेकअप करणाऱ्या दादांनी एक तबकडी माझ्या गालाजवळ धरली. तिच्यावर तपकिरी, मातकट, काळपट असे रंग काढून ठेवले होते. एकेक ठिपका माझ्या कातडीशेजारी आणून ते डोळे बारीक करून बघत होते. साडीवर ब्लाउजपीस जुळवतात तसं. एक रंग जुळला. मग ते शेजारच्या खुर्चीकडे वळले आणि तो रंग तिथे बसलेल्या गोऱ्या मुलीच्या गालावर लावायला लागले.

मला कशासाठी बोलावलंय, ते मला तेव्हा कळलं.

मी चंद्रपूरची. शिकायला पुण्यात आले, कर्वेनगरच्या होस्टेलवर राहिले, आता धायरीत भाड्याने राहते. दिवसा एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. संध्याकाळी प्रायोगिक नाटकं करते. त्यात बऱ्याचदा प्रेक्षकांपेक्षा नट जास्त असतात.

आणि शाळेपासून एकच कादंबरी पुन्हा पुन्हा वाचत आलेय. इरईची. जाडजूड अद्भुतकथा आहे. पांढऱ्या गडाच्या राजाने इरईच्या गावची नदी कोंडून ठेवलीय. इरई खाणीतली पोर, कोळशाच्या रंगाची. अमावस्येच्या रात्री ती एकटी गडात शिरते. पहारेकरी तिच्या अंगावरून जातात, पण त्यांना ती दिसत नाही. मंत्र नाही, ताईत नाही. तिचा रंग हीच तिची विद्या.

आमच्या गावाकडे वीज तयार होते. तरी शाळेत मला सगळे 'लोडशेडिंग' म्हणायचे. बाईसुद्धा हसायच्या. घरी येऊन मी ते गडाचं प्रकरण काढून वाचायचे. आपलं असं असणं कुठेतरी कामाचं आहे, हे मला त्या पुस्तकाशिवाय कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच कादंबरीवर वेब सिरीज निघणार असं कळलं आणि मी ऑडिशनला गेले. गडाचा प्रसंग केला. त्यासाठी मला पाठांतर करावं लागलं नाही. दिग्दर्शक "वा" म्हणाले. पुण्यात "वा" सहजी मिळत नाही, म्हणून मी तो मनावर घेतला. पुढच्या आठवड्यात फोन आला, "लुक टेस्टला ये." मी आईला कळवलं. आईने गल्लीला कळवलं.

तर आता मी त्या खुर्चीत होते. शेजारची मुलगी रोजच्या मालिकांतली, घराघरांत ओळखीची. तिने आरशात गाल वळवून बघितला.

"अय्या, किती रिअल! दादा, हा धुतल्यावर नक्की जातो ना?"

"जातो, मॅडम."

तिने सुटकेचा श्वास सोडला. वाईट नव्हती ती. तिच्या मनात काही नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं.

दिग्दर्शक आले. त्यांच्यामागे दोघं, त्यांची कॉफी धरायला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे.

"दोन शेड हलका कर. प्रेक्षकांना ती दिसली पाहिजे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ती दिसत नाही हीच तर गोष्ट आहे."

"ते व्हीएफएक्समध्ये बघू. तिला एक जादूचा शेला देतोय आपण."

कादंबरीचे लेखक आता हयात नाहीत. सगळ्यांचीच सोय झाली.

"तू शूटिंगला रोज ये," दिग्दर्शक मला म्हणाले. "रंग जुळवायला. हिला तुमच्याकडची भाषा शिकव. आणि विहिरीत उडी मारायचा शॉट आहे, हिला पाण्याची भीती वाटते. तिथे तूच. पाठमोरी."

"आणि समोरून?"

"अगं, चेहरा ओळखीचा लागतो. तुझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलींना हीसुद्धा केवढी संधी आहे! आणि रंग म्हणजे काही भूमिका नव्हे."

"मग लावताय कशाला?"

कॉफी धरलेला एक जण जमिनीकडे बघायला लागला. मी उठले. पर्स घेतली. मेकअपदादांचा हात हवेत तसाच राहिला. मॅडमचा डावा गाल माझा झाला होता, उजवा अजून तिचाच होता.

"निदान फोटो काढू दे," दिग्दर्शक म्हणाले. "मॅचिंगपुरता."

"नाही."

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना नाही म्हटलंय. पण "नको, सर", "जमणार नाही, सर", "सॉरी, सर" असं. नुसतं "नाही" पहिल्यांदाच म्हटलं. त्याला शेपूट लावायचं मनातच आलं नाही.

बाहेर आले तर आईचा फोन.

"मंग? घेतलं का तुले?"

"माझा रंग घेतला, आई. मला नाही."

"देऊन आली का?"

"अर्धा."

आईने फोन ठेवला. गल्लीला तिने काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

सिरीज आली. इरई गव्हाळ निघाली. भर चंद्रप्रकाशात, चमचमणारा शेला पांघरून, ती पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून चालत गेली. बोलताना मध्येच आठवण झाल्यासारखं "मले" म्हणायची, मग परत सदाशिव पेठेत यायची. ऑफिसातली माझी मैत्रीण डबा खाताना म्हणाली, "बघितलीस? काय मस्त दिसलीय गं ती!"

"दिसलीय खरी," मी म्हटलं. "तीच चूक आहे."

तिला कळलं नाही. मी समजावलं नाही. चुका शोधायचे मला पैसे मिळतात, पण सिरीजवाल्यांकडून नाही.

अजून ऑडिशनला जाते. पण खुर्चीत बसण्याआधी उभ्यानेच विचारते, "कॅमेरा माझ्या तोंडावर असणार, की माझ्याकडे बघून रंगवलेल्या तोंडावर?" काही जण हसतात. काही जण म्हणतात, बस तरी, मग बोलू. मी बसत नाही. आजवर प्रत्येक वेळी उभ्यानेच परत आलेय. पुढेही येईन. पण पुन्हा कोणी माझ्या गालाजवळ तबकडी धरली, तर जुळलेला रंग माझ्याच तोंडावर राहील.