काचेवरचे बाबा

आमच्या घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायची बंदी. 'येतो' म्हणायचं, मागे राहिलेल्याने 'या' म्हणायचं. काशीत राहून आमची मराठी निम्मी हिंदी झाली, पण दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या दारात हा नियम टिकला. बाबाच तेवढे आईला चिडवायचे, "काशीत मरणाऱ्याने 'येतो' म्हटलं तर पंचाईत. पुन्हा जन्म आला की नाही?"

शेवटच्या सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नानाला निघताना ते "जातो गं" म्हणाले. आई फोडणी देण्यात गुंतली होती, टोकायचं राहून गेलं. ते पायऱ्यांवरच कोसळले. त्या एका शब्दाने आईला आतून पोखरलं. मी टोकलं असतं तर, एवढंच ती म्हणायची. मला राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रंग बदलणाऱ्या पॉलिमरवर काम करते. वीज वाहून नेणाऱ्या या प्लास्टिकचा पातळ थर काचेवर द्यायचा आणि वर चित्र छापलेली पारदर्शक शीट ठेवून अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाश लागतो तिथला थर मरतो. झाकलेला जिवंत राहतो. बटण दाबलं की गडद निळा, पुन्हा दाबलं की फिका. असे आम्ही डिस्प्लेसाठी आकडे, बाण उमटवतो. एकदा मी बाबांचा फोटो ठिपक्याठिपक्यांत उमटवला आणि काचेला वायर, बटण जोडून ती आईला आणून दिली.

रोज संध्याकाळी ती बटण दाबायची. बाबा निळे होऊन यायचे. दिवसभराचं सांगून झालं की पुन्हा बटण दाबत म्हणायची, "अहो, येतो म्हणा." चेहरा विरत जायचा. "या," ती म्हणायची. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत राहायचे.

असा थर वापरून थकतो. पावसाळा सरला आणि बाबा पुरते जाईनासे झाले. कपाळ आणि चष्मा काचेत तसाच राहिला. लॅबमध्ये याला आम्ही भूत म्हणतो आणि अशा काचा सरळ टाकून देतो. ही टाकायला माझा हात धजेना.

आईने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. चष्मा हलेना.

"अडकले का गं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

मग वायर काढून तिने काच पदराने पुसली आणि मला मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर चल म्हणाली. तिथे वाकून तिने काच पाण्यात सोडली.

"जा हो आता," ती म्हणाली. "येऊ नका."